ट्वीटरवरचा रुमाल

६ जाने., सोम.
आमच्या देवळाच्या सणाआधी नवे स्पीकर. फादरनी दोन नमुने लावून दाखवले. जुन्या बॉक्सात सगळे स्पीकर एकाच जातीचे, ढोल काय नि गळा काय, त्यांच्यावरच. नवा टू-वे: खाली मोठा, वर चिमुकला ट्वीटर. थ्री-वेत ढोलाला वूफर, गळ्याला मधला, बारीक, वरच्या सुरांना ट्वीटर. लोकांना थ्री-वे आवडला. आवडणारच. आणलाय क्वायरमधल्या आन्सीच्या मावसभावाने, आणि आन्सीला यंदा सणाचं स्तोत्र म्हणायचंय. माझं स्तोत्र. लग्न होऊन सांडोरला आले तेव्हापासून मीच म्हणते.

८, बुध.
चोरी पकडली! थ्री-वे टू-वेपेक्षा मोठ्याने वाजत होता. मोठ्याने वाजेल तो कानाला चांगलाच वाटतो. मावसभाऊ साळसूद. "आंटी, सेम मिक्सर, सेम केबल. बॉक्सच लाउड आहे, माझा काय फॉल्ट?" समोर उभी राहून दोन्ही सारखे करून घेतले. तरी सगळे म्हणाले थ्री-वेच. शब्द न् शब्द कळतो म्हणे. काहीतरी शिजतंय.

११, शनि.
तालीम थ्री-वेवर. वरच्या सुराला माझा आवाज फाटला. सर्वांसमोर. सर्दी नाही, खोकला नाही.
घरी येऊन यूट्यूब बघितलं. बॉक्सात क्रॉसओव्हर असतो, तो आवाज वाटून देतो. मधला संपून ट्वीटर सुरू होतो तिथला सांधा नीट नसला तर आवाज बिघडतो. नेमका माझ्या सुरावर सांधा आणून ठेवलाय मेल्याने.
पण आन्सी तोच सूर म्हणाली. तिचा नाही फाटला.

१३, सोम.
टू-वेवर गायले. तिथेही फाटला, जरा कमी. टू-वेवाला नायगावचा, त्याचा आन्सीशी काही संबंध नाही. की आहे? पास्कलला विचारलं. "नायगावात कोन कोनाचं, मला काय ठाऊक?" म्हणाला आणि केळींना पाणी सोडायला वाडीत गेला. नवरा असून आजकाल गाण्याचा विषय काढला की उठतो.

१६, गुरु.
दुपारी देवळाची चावी मागून आणली. पास्कलला मागच्या बाकावर बसवलं. थ्री-वे लावून स्तोत्र म्हटलं. फाटला. मग हातरुमालाची घडी ट्वीटरवर चिकटपट्टीने लावली आणि पुन्हा म्हटलं.
"आता बेस गायलीस," पास्कल म्हणाला. "जुन्या बॉक्सवर गायचीस तशी."
रुमाल काढला. पुन्हा तेच.
"रुमाल राहू दे ना." माझ्याकडे न बघता.
"तुला फाटलेलं कधीपासून ऐकू येतंय?"
"घरात तू बिनमाइकची गातेस ना, म्हनून..."
एवढा राग आला. रडूही आलं, देवळातच. दर सणाला हात हातात घेऊन "काय गायलात आंटी" म्हणणारे सगळे आठवले. त्यांना जुन्या बॉक्सने फसवलं, की तेही पास्कलसारखेच?

१८, शनि.
उद्या सण. फादर म्हणाले, "क्वायरमध्ये तुम्ही सगळ्यात जुन्या. तुम्ही म्हणाल तो लावू, तोच कायम ठेवू." इतकं गोड का बोलले? ह्यांनाही माहीत आहे का? टू-वे म्हटलं असतं तर थोडं झाकलं गेलं असतं.
आन्सी आली. "आंटी, स्तोत्र तुम्हीच ना?" तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. डाव काही सापडला नाही, त्याचा जास्तच राग आला. तशीच फादरांकडे वळले.
फादरना म्हटलं, थ्री-वे लावा. बरोबर आहे तो.
"आणि स्तोत्र कोण म्हणेल?"
म्हटलं, सकाळी सांगते.
साडी काढून ठेवली. रुमाल धुऊन, इस्त्री करून पर्समध्ये ठेवलाय. चिकटपट्टीही.