चार महिने लपवलेलं

तीर्थरूप बाबा,
रागवायच्या आधीच पाया पडते.

तब्येत छान आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, बँकेतली नोकरी मी चार महिन्यांपूर्वीच सोडली. मला प्रवासाबद्दल लिहायचं होतं. तुमचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी मी इस्त्रीचा शर्ट चढवायचे. "दमलेली दिसतेस, काम फार असतं का गं?" असं तुम्ही विचारलंत, की नुसती मान हलवायचे.

काल माझा पहिला लेख छापून आला, इथल्या एका म्हाताऱ्या नावाड्यावर. अंक द्यायला गेले, तर तो म्हणाला, "तुझ्या वडिलांनी वाचला का?" मला मान वर करता येईना.

लेख सोबत पाठवलाय. आधी हे पत्र आईला वाचून दाखवा. तिला सांगायचा मला धीर होत नाही.

तुमच्याशी खोटं बोललेली,
तुमचीच धाकटी