शालूच्या आत्यापणाची लेखी तजवीज

लिहून ठेवते मी, चंद्राबाई हंबीरराव यादव, वय छप्पन्न, राहणार कडेगाव. डोके ठिकाणावर आहे. छातीचा भरवसा नाही, म्हणून सूनबाईचे बाळंतपण होण्याआधी कागद करते.

१. राहते घर माझी लेक शालू हिचे. ती एकोणतीस वर्षांची असून मनाने सहा वर्षांची आहे. तिला आसरा दिला असे कोणी म्हणू नये. बाकीची मंडळी तिच्या घरात राहतात.

२. शालूच्या वेळी मी ग्रहणात वांगी चिरली, म्हणून तिचे डोके लहान राहिले, असे थोरल्या जाऊबाई साळूबाई आजवर सांगत आल्या. मीही मान खाली घालून ऐकले. यंदा मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे खोदून विचारले. तेव्हा आम्ही सांगलीत होतो. आमचे हे एका दवाखान्यात एक्स-रेचे यंत्र चालवीत. लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेलेले, यांना दम कुठला! तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रोज संध्याकाळी मला यंत्रापुढे उभी करून पडद्यावर लेकरू शोधत. स्वतः शिशाचा एप्रन घालत, मी आपली नुसत्या लुगड्यात. दिसे काही नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. तरी "हाललं गं, हाललं!" म्हणून नाचत. बाई म्हणाल्या, त्याच महिन्यांत बाळाचा मेंदू घडतो. इतके किरण गेले, बहुधा तेच कारण. मी तिथेच रडले आणि बाहेर येऊन पोटभर भजी खाल्ली. माझी वांगी निर्दोष सुटली! यांचा राग येतो, पण ते नाचणे आठवले की हसू फुटते. हे कळायच्या आधीच ते गेले, बरे झाले.

३. यांचा तो शिशाचा एप्रन अजून माळ्यावर आहे, तो मोडीत घालावा. सूनबाईने वांगी हवी तेव्हा चिरावीत. एक्स-रे मात्र डॉक्टरांनी गरज सांगितल्याशिवाय काढू नये.

४. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, आणि आत्या शालू आहे. जाऊबाई म्हणतात, "तिला गिराण लागलंय, ती लेकराच्या कानाला लागायची न्हाई." लागणार! हे झाले तरच उसाचे दोन एकर मुलगा कृष्णात याला मिळावेत. शालूला र म्हणता येत नाही, म्हणून नाव र नसलेले निवडावे. जाऊबाईंचे 'राजेंद्र' बाद.

कडेगाव, ता. १२ फेब्रुवारी १९७७
चंद्राबाई हंबीरराव यादव (सही)

साक्षीदार:
नानासो बिराप्पा माळी (सही)
साळूबाई सयाजी यादव (अंगठा)

जाऊबाई आधी अंगठा देईनात. शालूने त्यांच्या कानाला तोंड लावून त्यांचेच नाव सांगितले, "साळू." जाऊबाई हसता हसता रडल्या. म्हणाल्या, "लय ग्वाड सांगती गं. आण तो कागद."