चांदीचा करदोडा

१२ जानेवारी १९४९, चिक्कडपल्ली

आलो बाई एकदाच्या! परभणीपासून सासूबाईंनी डब्यातल्या साऱ्या बायांना सांगून टाकलं की सून लेकाला आणायला चाललीय, आणि मीही मान डोलावत राहिले. सिकंदराबादला ह्यांचे मामा, आबासाहेब वकील, टांगा घेऊन हजर. छावणीच्या साहेबाला दया आली काय की, म्हणाले, पण परवानगी मिळाली.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या गडबडीत बंदूकवाल्यांनी ह्यांना घरातून उचललं. एका ट्रकवाल्यानं शेवटचं पाहिलं ते छावणीमागच्या मैदानात. तिथं पुष्कळांना पुरलंय म्हणतात. आता ते मैदान आपल्या फौजेकडे आहे, आणि फौजेकडे सुरुंग हुडकायचं यंत्र आहे. जमिनीत धातू असला की ते कानात गुणगुणतं. ह्यांच्या कमरेला चांदीचा जाड करदोडा होता, त्यावर नाव कोरलेलं. प्रतापराव. तोंडानं घेत नाही, लिहायला काय जातंय!

करदोडा सापडला तर मी विधवा. नाही सापडला तर हे कुठंतरी आहेत. म्हणजे काही सापडू नये म्हणून मी शोधायची परवानगी काढलीय. लोक हसतील, हसोत. आज पोटभर जेवले.

१३ जानेवारी

यंत्र चालवणारा हवालदार सेल्वम भला माणूस आहे. हेडफोनची एक बाजू मी माझ्या कानाला मागून घेतली. दुसऱ्याच्या कानावर माझं कुंकू कसं सोडू? पण यंत्र जिथंतिथं गुणगुणायला लागलं. तो हसून म्हणाला की तुमच्या गळ्यातलं सोनं बोलतंय, ते काढा. जोडवी फाटकापाशी ठेवली होती, पण मंगळसूत्र? म्हटलं, ते सोडून बोला. मग जे वाजेल ते माझ्या गळ्याच्या खाती टाकत आम्ही अर्धं मैदान पार केलं. काही नाही. जीव भांड्यात पडला.

१४ जानेवारी, संक्रांत

मामींचं हळदीकुंकू होतं. एक बाई माझ्यापाशी आली, थबकली आणि पुढच्या बाईकडे वळली. मी तिचं मनगट धरून स्वतःच्या कपाळाला कुंकू लावून घेतलं. तिळगूळही मागून घेतला. नंतर न्हाणीत जाऊन रडले. फार रडले.

१५ जानेवारी

भिंतीजवळच्या लिंबाखाली आवाज बदलला. चढायचा, उतरायचा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. सेल्वमचा चेहरा उतरला. सोनं असं वाजत नाही, म्हणाला. मी म्हटलं, माझंच आहे, चला पुढे. त्याला ढकलतच पुढे नेलं.

१६ जानेवारी

यंत्र छावणीत आहे आणि गुणगुण माझ्या कानात. भाकरी थापताना, पाणी भरताना. मंगळसूत्राच्या वाट्या मुठीत धरल्या की श्वास सावरतो. सोडल्या की धाप लागते. हे कुणाला सांगू? दिवसभर मूठ सोडली नाही.

१७ जानेवारी

उद्या शेवटचा दिवस, परवानगी संपते. सेल्वम लिंबाखाली पुन्हा बघणार आहे, सोनं काढलं तरच. बजावून सांगितलंय.

सासूबाईंना सांगितलं. हळदीच्या डब्यातून एक हळकुंड काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाल्या, “काढ. पण गळा मोकळा ठेवू नको. दोऱ्यात हळकुंड बांध, मग काढ. तुझ्या गळ्यावर जगतोय माझा लेक.”

म्हणजे त्यांनाही ऐकू येतं.

१८ जानेवारी, मैदानात

हळकुंड घरीच राहिलं. घटकाभराचं तर काम, एवढ्यासाठी परत कोण जाणार — तशीच काढली पोत. रुमालात बांधली.

लिंबाखाली गेलो. सोनं नव्हतं, तरी गुणगुण होती. धाप लागलेली — जोराची — मग धाप थांबली. नुसता सरळ सूर राहिला. चांदीचा.

खणताहेत. मला दगडावर बसवलंय. काहीतरी लिहीत राहिले तर —

करदोडा. नाव आहे.

सेल्वम डॉक्टरसाठी ओरडतोय. कशाला? इतक्या महिन्यांनी हाडांना डॉक्टर —

हाडं नाहीत. हे आहेत. दाढी वाढलीय. ओठ ओले —

एका हातानं ह्यांचा हात धरलाय. गरम आहे. आत्ता गेले. आत्ता, माझ्या मोकळ्या — अहो — थांबा, घालते, लगेच घालते, ही रुमालाची गाठ सुटेना, सुटे —