पाच नॅनोसेकंदांची शांतता

९ सप्टेंबर, सोमवार
टक्. मग शांतता. मग टकटक. शाळेत पाराश्केवाबाई फूटपट्टीने टेबलावर कवितेचं वृत्त वाजवायच्या. त्याआधी डोळे मिटून थांबायच्या. अख्खा वर्ग श्वास धरून बसायचा. साठ वर्षं झाली. खरी कविता त्या थांबण्यातच होती.
आज जोर्नित्साचा फोन. माझ्या हाताखाली शिकलेली पोर, आता बोतेवग्रादच्या आमच्या जुन्या लॅबची प्रमुख. एका चिपचं बफर मॉडेल हवंय, म्हणजे तिची पिन बाहेरून कशी वागते त्याचे तक्ते. सिम्युलेटरमध्ये चाललं, तर दर सोमवारी खिडकीजवळचं माझं टेबल पुन्हा माझं! ड्रॉवरची किल्ली माझ्याकडेच आहे. रिटायर होताना द्यायची राहून गेली. अकरा वर्षं.

१० सप्टेंबर
स्वयंपाकघरात मापं. लॅबचा ऑसिलोस्कोप पावाच्या डब्याशेजारी. पिन शून्यावरून एकवर चढताना क्षणाक्षणाचा व्होल्टेज तक्त्यात लिहायचा, उतरतानाही. एकदा लोड ग्राउंडला, एकदा सप्लायला. चिपच्या पोटात काय आहे ते सिम्युलेटरला दिसत नाही; वरचा स्विच किती उघडला, खालचा किती मिटला, हे तो तक्त्यांवरून ताडतो. थोडक्यात, रसिक आहे.
बायको, स्तोयांका, बाल्कनीत मिरच्या भाजतेय. म्हणाली, सोलायला या. सांगितलं, इथे इतिहास घडतोय. म्हणाली, त्याचे हात रिकामे असतील तर त्यालाही आणा.

११ सप्टेंबर
प्रत्येक तक्त्यात सुरुवातीला पाच नॅनोसेकंद नुसती सपाट रेघ. लॅबमधला शेजारच्या टेबलावरचा स्टामेन असता तर कापली असती. निरोप समारंभात मी वाचत असलेली कविता त्याने तिसऱ्याच कडव्याला टाळ्या वाजवून संपवली होती. तेव्हापासून अबोला.
रेघ ठेवली. पाराश्केवाबाईंसाठी. मिरच्या उद्या, नक्की.

१२ सप्टेंबर
मॉडेल पाठवलं. निळा टाय सापडला. मिरच्या राहिल्या.

१३ सप्टेंबर, दुपार
जोर्नित्सा म्हणाली, काका, सिग्नल उठतच नाही. एक बिट चार नॅनोसेकंदांचा, तुमची शांतता पाचची. दर वेळी सिम्युलेटर तक्ता पहिल्या ओळीपासून वाचायला घेतो, चढण यायच्या आत पुढचा बिट येतो, की तक्ता टाकून देतो.
मी म्हटलं, उतावळा आहे मेला. ती म्हणाली, बघते काय करायचं.
‘बघते’ म्हणजे होकारच. टायला इस्त्री केली.

१६ सप्टेंबर, सोमवार, सकाळी आठ
टाय बांधून बसलो. लॅबची गाडी येईलच. बेल. स्तोयांका आतून म्हणाली, अहो, तुमचा इतिहास आला वाटतं.
दारात स्टामेन. बराच वेळ गप्प उभा. पाच नॅनोसेकंदांहून नक्कीच जास्त.
मग म्हणाला, रेघ कापली, मॉडेल चाललं. सोमवार मला दिलेत. ड्रॉवरची किल्ली दे.