बुधवारी मी येऊ का?

१९ जून

प्रिय बारक्यास,
ताईचे खूप आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याहून जास्त आई. माझी बेकरीतली सकाळची पाळी सुरूच आहे.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. चारदा लिहायला बसले, चारदा फाडलं. रक्तात एचआयव्ही निघाल्याचं तू एका ओळीत उरकलंस आणि पुढे लिहिलंस, ‘चूक माझीच.’ ते वाक्य घशाखाली उतरत नाही.

गेल्या बुधवारी तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांसाठी बैठक होती, तिला गेले. तू लिहिलेली व्यसन सोडवायची गोळी जिभेखाली का ठेवतात, ते तिथे कळलं. समुपदेशक बाई म्हणाल्या, “गोळीने अंगातली तलफ शमते, पण रिकामी संध्याकाळ भरत नाही. त्यासाठी गटात बोलायचं. आणि नुसत्या बोलण्याने अंगातली कळ थांबत नाही. दोन्ही हवं.”

मी विचारलं, “मग नव्या सुया कशाला वाटता?”

“नशा सुटेपर्यंत माणूस धडधाकट राहायला हवा ना, ताई?”

बारक्या, मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

तुझ्या पिशवीतलं नव्या सुयांचं पाकीट मी फेकलं होतं. वाटलं, सुया नसल्या की नशाही नसेल. दुपारभर तू घर पालथं घातलंस आणि मी मान खाली घालून भाजी निवडत बसले. शेवटी तू दार आपटून गेलास. पुढे कोणाची वापरलेली सुई घेतलीस, मला ठाऊक नाही. त्याच दिवशी लागण झाली असेल असं नाही. पण असेलही.

हे आईला सांगितलं नाही. तुझा आजार मात्र तू लिहिलंस तसा सांगितला. ती म्हणाली, “त्याचा कप वेगळा ठेवायचा का गं?” मी म्हटलं, “कपाने काही होत नाही, आई. रोज औषध घेतलं की तो आपल्यासारखाच म्हातारा होणार.” तर म्हणते, “मग इतके दिवस घरी का येत नाही मेला?” आणि रडली.

येत्या बुधवारी तुझ्या गटात घरच्या एका माणसाला बसता येतं म्हणे. मी येऊ? नको म्हणालास तर बाहेर बाकावर बसेन. तेही नको असेल, तर तसं कळव. पण गोळ्या चुकवू नकोस.

माफ केलंस तरी, नाही केलंस तरी,
तुझीच
ताई