तुझी बॅटरी माझ्या पार्सलात

प्रिय ताई,

सलाम. पार्सल वसतिगृहात पोचलं. मी मजेत आहे, बॅग भरून झाली, असं आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

आता तुझ्याशी बोलते. चर्चच्या उन्हाळी शिबिराला दोघींनी पहिल्यांदाच जायचं, एकाच तंबूत झोपायचं, बायबल मी आणायचं आणि बॅटरी तू, असं ठरलं होतं ना? मग तुझी बॅटरी माझ्या पार्सलात कशी? येणार नाहीस, एवढी एक ओळ लिहायला काय हात मोडला होता?

पाळकांच्या फॉर्मवर ‘तंबूत सोबत कोण’ इथे मी केव्हाच तुझं नाव लिहिलंय. मी ते खोडणार नाही. खोडायचंच असेल, तर स्वतः येऊन खोड.

तुझीच, अजून तरी,
धाकटी