ससणीला घातलेला शेपू

१८ जानेवारी १९७१, सोमवार. दिवेलागण.

ह्यांनी शेवगावच्या बाजारातून दोन्ही माद्या म्हणून ससे आणले, त्यातला एक नर निघाला. आज खोक्यात पाच पिलं! गुलाबी, डोळे मिटलेली. ससणीने स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यांना अंथरूण केलंय. बघवेना मला.

शेजारची सखू म्हणाली, "बाळंतीण हाय ती बाई, शेपू घाला की."

शेपू? तो मी कुसुमसाठी पेरलेला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, हे मी धरूनच चालले होते. दुपारी व्याह्यांचं पत्र आलं. बाळंतपण आमच्याकडेच करू, पाठवत नाही म्हणे. हे पत्राची घडी घालत म्हणाले, "त्यांची मर्जी." आणि कुसुमची? तिला कुणी विचारलं?

रागाने वाफ्यात गेले. सगळा शेपू उपटून ससणीपुढे टाकणार होते. पण तिची ती उघडी छाती डोळ्यांपुढून हलेना. उपटायला हात धजेना. मुळं ठेवून वरवर कापला. तिने मिटक्या मारत खाल्ला.

मग वाफ्याला दोन घागरी पाणी घातलं. फुटेल परत. कुसुमला अजून महिना आहे.